तीन दिवसांत दिल्ली: आधी सोमवार कुठे येतो ते बघा

पहिल्यांदा दिल्लीला गेलो तेव्हा आई आणि मावशी बरोबर होत्या. स्टेशनवरून हॉटेल, आंघोळी, नाश्ता आणि दहाच्या ठोक्याला लाल किल्ला. दरवाजासमोर आम्ही तिघं आणि एक शेंगदाणेवाला. वार सोमवार. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. रिक्षा करून राष्ट्रीय संग्रहालय गाठलं, तेही बंद. मावशी म्हणाली, "लाँड्रीवाल्यासारखी या शहरालाही साप्ताहिक सुट्टी असते होय?" तेव्हापासून दिल्लीचा बेत आखताना मी नकाशा नंतर उघडतो, कॅलेंडर आधी.

आधी वार, मग तारीख

सोमवारी बंद असणाऱ्यांची यादी मोठी आहे: लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रपती भवन, तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम, रेल्वे म्युझियम. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा मात्र सगळे दिवस उघडे. रविवारी चांदनी चौकातली बहुतेक दुकानं बंद, म्हणजे जुन्या दिल्लीची अर्धी मजा गेली. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची गर्दी, त्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. आणि गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यात कव्वाली असते.

हे सगळं एका कागदावर मांडलं की उत्तर आपोआप येतं: बुधवारी सकाळी पोचायचं, शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. शनिवार-रविवार जोडून सुट्टी वाचवण्याचा मोह होतो, पण त्या दोन दिवशी सगळी दिल्लीही फिरायला बाहेर पडलेली असते. सोमवार टाळताच येत नसेल, तर तो कुतुब, मेहरौली आणि हुमायूनसाठी ठेवा.

महिन्यांचं म्हणाल तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य मला सगळ्यात आवडतो. थंडी सोसण्याजोगी झालेली असते, आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडतं. ऑक्टोबरही चांगला. दिवाळीनंतरचे काही आठवडे हवा इतकी वाईट असते की दम्याच्या माणसाला नेऊच नये. डिसेंबर अखेर ते जानेवारीचा मध्य म्हणजे धुकं: गाड्या पाच-सहा तास उशिरा आणि विमानं रद्द, म्हणजे तीन दिवसांतला एक गेलाच. शिवाय प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे जानेवारीत कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते बंद होत राहतात, आणि १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला बरेच दिवस बंद ठेवतात. मे-जूनबद्दल काय लिहायचं? विदर्भातल्या माणसाला तो उन्हाळा घरचाच वाटेल. बाकीच्यांनी जाऊ नये.

गाडी आणि मुक्काम

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आधीसारखं चार महिने नाही. मुंबईहून राजधानी संध्याकाळी निघून सकाळी पोचते. रात्र गाडीत जाते आणि हॉटेलची एक रात्र वाचते. मध्य रेल्वेची राजधानी नाशिक, जळगाव, भोपाळमार्गे जाते, त्यामुळे खानदेशातल्यांना मुंबईकडे उलटं जायला नको. नागपूरकर सगळ्यात सुखी: दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या त्यांच्याच दारातून जातात. पुणेकरांना झेलम आणि गोवा एक्सप्रेस आहेत, पण दोन्ही दिवसाहून जास्त वेळ घेतात. तीन दिवसांची सहल असेल तर पुण्याहून निदान जाताना तरी विमान परवडतं, पैशाने नाही तरी वेळेने.

मुक्कामाच्या बाबतीत माझा एकच नियम: हॉटेल मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत हवं, शक्यतो यलो लाइनवर किंवा तिला सहज जोडणाऱ्या लाइनवर. चांदनी चौक, नवी दिल्ली स्टेशन, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, आयएनए, कुतुबमिनार ही सगळी स्टेशनं यलो लाइनवर ओळीने लागतात. तीन दिवसांचा आपला जवळजवळ सगळा बेत त्या एका रेषेवर बसतो.

पहाडगंज स्वस्त आणि स्टेशनच्या दाराशी. दिल्लीतल्या जुन्या मराठी वस्तीचा धागाही तिथे आहे, नूतन मराठी शाळा त्याच भागात आहे. पण गल्ल्या अरुंद, रात्री गोंगाट, आणि फोटोतली खोली व प्रत्यक्षातली खोली यांत बरंच अंतर असू शकतं. घरची वयस्कर माणसं बरोबर असतील तर करोल बाग बरं पडतं. ते ब्लू लाइनवर आहे आणि राजीव चौकला गाडी बदलता येते.

मेट्रो

दिल्ली मेट्रो २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि आज ती नसती तर असा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता. पोचल्यावर पहिल्याच स्टेशनवर प्रत्येकाचं स्मार्ट कार्ड घ्या. एका कार्डावर दोघं जात नाहीत, हे लक्षात ठेवा. अ‍ॅपवर क्यूआर तिकीटही मिळतं, पण घरातल्या मोठ्यांच्या हातात कार्ड दिलेलं बरं. कितीही लांब गेलात तरी साधं भाडं ६४ रुपयांच्या वर जात नाही. विमानतळाच्या एक्सप्रेस लाइनचे दर वेगळे. त्या लाइनने तिसऱ्या टर्मिनलवरून नवी दिल्ली स्टेशन सुमारे वीस मिनिटांत येतं. वाटेत शिवाजी स्टेडियम नावाचं स्टेशन लागतं आणि डब्यातला प्रत्येक मराठी माणूस मान वर करून पाटी वाचतो.

पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. पुरुषांनी चुकूनही त्यात शिरू नये, दंड होतो आणि वर बोलणी बसतात ती वेगळी. प्रत्येक स्टेशनवर बॅगांची तपासणी असते. सकाळी नऊ ते अकरा राजीव चौकची गर्दी दादरच्या तोडीची, एवढं सांगितलं तरी पुरे.

बुधवार: जुनी दिल्ली

सामान हॉटेलवर टाका आणि नाश्ता न करता निघा. चांदनी चौक किंवा लाल किला स्टेशनवर उतरा. सकाळी जुन्या दिल्लीत बेडमी पुरी आणि आलूची पातळ भाजी मिळते. उडदाचं सारण असलेली ही पुरी दुपारपर्यंत संपते. थंडीत गेलात तर 'दौलत की चाट' विकणारे हातगाडीवाले दिसतील. नावात चाट असली तरी ती दुधाच्या फेसाची गोड मिठाई आहे, तोंडात टाकली की विरते. परांठेवाली गली सगळ्यांना बघायची असते. बघा जरूर, पण तिथले पराठे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. चौघांत दोन मागवा.

लाल किल्ला साडेनऊला उघडतो. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेतून काढून ठेवा, रांग वाचते आणि थोडे पैसेही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शाहजहानने आग्र्याहून राजधानी इकडे हलवायची ठरवली आणि १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला उभा राहिला. लाहोरी दरवाजातून आत गेलं की छत्ता चौक, पुढे दिवाण-ए-आम. बहुतेक लोक इथे फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. मागच्या बाजूला, एके काळी जिथून यमुना वाहायची त्या कडेला, दिवाण-ए-खास आहे. मराठी माणसाने तिथे पाच मिनिटं नुसतं उभं राहावं.

मयूरासन याच दालनात होतं, ते १७३९ मध्ये नादिरशाहने नेलं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता. भाऊंनी या दालनाच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. पण मराठ्यांची दिल्ली तिथे संपली नाही, आणि आपल्या शाळेत इथेच धडा संपतो. १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलम दुसरा दिल्लीच्या तख्तावर परतला तो महादजी शिंद्यांच्या पाठबळावर. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने याच किल्ल्यात त्याचे डोळे काढले, तेव्हा शहर सोडवलं ते महादजींच्या फौजेने. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकेपर्यंत बादशहा नावाचा आणि अंमल शिंद्यांचा, अशी इथली स्थिती होती. हे घरूनच वाचून जा आणि मुलांना तिथे उभं करून सांगा. ऑडिओ गाइडपेक्षा जास्त लक्षात राहतं.

किल्ल्यातल्या जुन्या ब्रिटिश बराकींमध्ये आता संग्रहालयं आहेत, त्यातलं आझाद हिंद सेनेचं चुकवू नका. १९४५ च्या अखेरीस त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला.

बाहेर आलात की समोर सरळ चांदनी चौक. दिवसा या मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालता येतं. एका टोकाला लाल जैन मंदिर, थोडं पुढे गुरुद्वारा सीसगंज, जिथे १६७५ मध्ये गुरू तेग बहादूर यांचा शिरच्छेद झाला. डावीकडे दरीबा कलां, चांदीच्या दागिन्यांची गल्ली. तिच्यातून किनारी बाजारात शिरा: लग्नाच्या जरी-गोट्यांचा इतका पसारा की बरोबरच्या बायका तासभर हलणार नाहीत. तेवढ्यात पुरुषांनी बल्लीमारानमधली गालिबची हवेली बघून यावी. रस्त्याच्या पश्चिम टोकाला खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. इथला ठसका नाकात गेला की दोन मिनिटं सगळे शिंकतात. दगडफूल, बदाम, केशर विकत घ्या, पण भाव तीन दुकानांत विचारून.

जामा मशीद नमाजाच्या वेळा टाळून बघा, अंगभर कपडे हवेत. मांसाहारी असाल तर तिच्यासमोरच्या मटिया महल गल्लीत दुपारचं जेवण. शाकाहारी मंडळींनी छोले-भटुऱ्यावर भागवावं, आणि भागतं.

चारच्या आत पाय शिल्लक असतील तर मेट्रोने सिव्हिल लाइन्सला जा, चांदनी चौकपासून दोनच स्टेशनं. तिथून जवळच २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निधन इथे झालं. २०१८ मध्ये त्या जागी राष्ट्रीय स्मारक झालं, इमारत उघडलेल्या संविधानाच्या आकाराची आहे. चैत्यभूमीला दरवर्षी जाणारी माणसंही दिल्लीला येऊन ही जागा न बघता परततात, कारण टुरिस्ट बसवाल्यांच्या यादीत ती सहसा नसते.

रात्रीच्या जेवणानंतर इंडिया गेट. दिवसा उन्हात तिथे जाण्यात काही राम नाही. दिवे लागल्यावर कर्तव्य पथावर सगळी दिल्ली लेकरांना घेऊन आइस्क्रीम खात बसलेली असते. इंडिया गेटच्या मागे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. तिथल्या परम योद्धा स्थळात २१ परमवीर चक्र विजेत्यांचे पुतळे आहेत, त्यात कारवारचे रामा राघोबा राणे शोधा. स्मारकाच्या वेळा बघून जायचं असेल तर जेवणाआधी जा.

गुरुवार: कुतुब ते निजामुद्दीन

सकाळी सातला निघालात तर कुतुब परिसर जवळजवळ रिकामा मिळतो आणि दहानंतर येणाऱ्या शाळांच्या सहलींपासून सुटका होते. कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनवरून मिनार दीड-दोन किलोमीटर लांब आहे, बाहेरून रिक्षा करा. मिनार सुमारे ७३ मीटर उंच. कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केला, इल्तुतमिशने वर नेला. १९८१ मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली, तेव्हापासून वर जाता येत नाही. मिनारापेक्षा मला शेजारचा लोखंडी खांब जास्त खिळवतो. गुप्तकाळातला, सोळाशे वर्षं पावसात उभा, तरी गंजलेला नाही. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर बसला, असं धातुतज्ज्ञ सांगतात. पूर्वी लोक त्याला पाठ लावून मिठी मारायचे, आता कुंपण आहे.

तिथून मेहरौली पुरातत्त्व उद्यान चालत गाठता येतं आणि तिकीट नाही. राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर आणि जमाली-कमाली ही मशीद व मकबरा, एवढं बघितलं तरी सकाळ वसूल.

जेवायला यलो लाइननेच दिल्ली हाट-आयएनए. तिथे राज्याराज्यांचे खाण्याचे स्टॉल आहेत. कृपया वडापाव शोधू नका. ईशान्येकडच्या राज्यांच्या स्टॉलवर जा. मग त्याच स्टेशनवरून पिंक लाइनने सराय काले खां-निजामुद्दीन आणि पुढे रिक्षाने हुमायूनचा मकबरा.

इथे तीननंतर जावं, ऊन तिरपं झालं की लाल दगड पेटतो. ताजमहालाच्या आधी जवळजवळ ऐंशी वर्षं बांधलेली ही इमारत, आणि ताजचं मूळ इथेच दिसतं. शाहजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याला याच मकबऱ्यात पुरलं आणि १८५७ मध्ये बहादूरशहा जफर इथेच पकडला गेला. दरवाजापाशी २०२४ मध्ये उघडलेलं जमिनीखालचं संग्रहालय आहे, उन्हाच्या दिवसांत आत थंडगार. शेजारी सुंदर नर्सरी हे राखलेलं मोठं उद्यान. लहान मुलं असतील तर त्यांना तिथे सोडा आणि स्वतः बाकावर बसा.

सूर्यास्ताच्या सुमाराला रस्ता ओलांडून निजामुद्दीन वस्ती. गल्लीत चादरी-फुलांचे दुकानदार "चप्पल इथेच काढा" म्हणून मागे लागतात, तसेच पुढे चालत राहा. चप्पल दर्ग्याच्या दाराशी काढली तरी चालते. डोकं झाका. निजामुद्दीन औलियांच्या समोरच त्यांचे शिष्य अमीर खुसरो. अंगणात जागा मिळाली की बसून घ्या, कव्वाली सुरू झाली की उठवत नाही. गर्दीत खिसा सांभाळा.

शुक्रवार: नवी दिल्ली

परतीच्या मुंबई राजधान्या संध्याकाळी पाचच्या आसपास सुटतात, म्हणजे आजचा दिवस तीनला संपला. राष्ट्रपती भवनाची सकाळची वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, माणशी ५० रुपये, आणि जे ओळखपत्र नोंदवलं तेच मूळ बरोबर ठेवा. १९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून इकडे आणायची घोषणा झाली आणि वीस वर्षांनी हे नवं शहर तयार झालं. ३४० खोल्यांच्या त्या वाड्यातून बाहेर पडून खाली कर्तव्य पथाकडे बघितलं की इंग्रजांना ते कशासाठी हवं होतं हे कळतं.

मग जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय. सगळं बघायला गेलात तर दमाल. हडप्पा दालनात मोहेंजोदडोची नर्तकी बघा. फोटोत मोठी वाटते, प्रत्यक्षात वीतभरही नाही. वेळ उरला तरी तिथून बाहेर.

दुपारी गुरुद्वारा बंगला साहिब. लंगरमध्ये पंगतीला मांडी घालून बसायचं, दोन्ही हात पुढे करून पोळी घ्यायची, पानात काही टाकायचं नाही. जेवून झाल्यावर भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला हात लावा, कोणी नको म्हणत नाही.

बोलणं आणि फसवणूक

आपलं मुंबईचं हिंदी दिल्लीत उद्धट वाटतं. "तेरे को", "कितना लेगा" हे गावीच ठेवा. "भैया, कितने लेंगे आप?" म्हटलं की रिक्षावाल्याचा सूर बदलतो, भाव बदलेलच असं नाही. मीटरची आशा सोडा, भाडं आधी ठरवा किंवा अ‍ॅपवरून गाडी बोलवा.

नवी दिल्ली स्टेशनच्या बाहेर कोणी नीटनेटका माणूस येऊन "तुमचं तिकीट कन्फर्म नाही", "आज रस्ता बंद आहे", "सरकारी टुरिस्ट ऑफिसला चला" म्हणाला तर थांबूच नका. तो सरकारी नाही आणि ऑफिसही नाही. "फक्त पाच मिनिटं एम्पोरियम बघा" म्हणणाऱ्या रिक्षावाल्याचं तिथे कमिशन असतं. सरकारी एम्पोरियम बाबा खडकसिंह मार्गावर ओळीने आहेत, तिथे आपणहून जा.

आग्रा?

हे सगळे विचारतात. तीन दिवसांत नाही. चौथा दिवस असेल तर निजामुद्दीनहून सकाळची गतिमान एक्सप्रेस पकडा, पण ताज शुक्रवारी बंद असतो, म्हणजे वरचा बेत शनिवारपर्यंत न्यावा लागेल. चौथा दिवस असूनही आग्रा नको असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर चाणक्यपुरीतलं रेल्वे म्युझियम. अक्षरधामला जायचंच असेल तर अर्धा दिवस धरा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून बाहेर भेटायची जागा आधी ठरवा. आणि लोटस टेंपलला गेलात तर शेजारच्या कालकाजी मंदिरातही जा. १७३७ च्या स्वारीत पहिल्या बाजीरावांची फौज कालकादेवीच्या जत्रेपर्यंत येऊन थडकली होती, तिथून पुढे तालकटोऱ्याजवळ बादशाही फौजेशी गाठ पडली. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री तिकीट काढून स्टेशनचं नाव मोठ्याने वाचा. नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही चार वेगळी स्टेशनं आहेत. मुंबईच्या सगळ्या राजधान्या एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. नवी दिल्ली असेल तर यलो लाइनने अजमेरी गेटच्या बाजूला उतरा, तो सोळा नंबर प्लॅटफॉर्म. गाडी एक नंबरला असेल तर सामान घेऊन पूल ओलांडायला वीस मिनिटं हाताशी ठेवा, मावशी बरोबर असेल तर तीस.